भिंतीवरचे अकरा एक

मी तापट आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना कुणी दचकायला नको. शिरूरच्या शाळेत गणित शिकवायला लागले तेव्हा तेवीस वर्षांची होते. पहिल्याच आठवड्यात स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणालं, "बाईमाणसाला गणित कशाला? शिवण द्या, चित्रकला द्या." मी हातातला डस्टर टेबलावर असा आपटला, की खडूची भुकटी सगळ्यांच्या चहात पडली. त्यानंतर शिवणाचं नाव कुणी काढलं नाही.

कोपऱ्यात बसलेले एक सर तेवढे हसले. भुकटी चमच्यानं बाजूला सारून त्यांनी चहा पिऊन टाकला आणि म्हणाले, "खडू पोटात गेला तर गणित सुधारतं म्हणतात." हे शाळेतले जुने गणिताचे सर. पांढरा लेंगा, वर विटका कोट, कोटाच्या दोन्ही खिशांत खडूचे तुकडे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी सासरी नांदत होती. माझ्या वाट्याला पाचवी-सहावी होती आणि दहावीचं गणित त्यांच्याकडे. मधल्या सुट्टीत मी त्यांच्याच टेबलाशी डबा खायला लागले, आणि तिथं माझी त्यांच्या संख्येशी ओळख झाली.

सरांचं एका संख्येवर प्रेम होतं. प्रेमच म्हणायचं, दुसरा शब्द मला सुचत नाही. एकापुढं एक ठेवलेले अकरा एक: ११,११,११,११,१११. वर्गात ते ती मोठ्यानं वाचायला लावत. "अकरा अब्ज अकरा कोटी अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा!" सगळा वर्ग एका सुरात ओरडला, की शेजारचे इतिहासाचे सर मुकाट्यानं दार लावून घेत.

सुरुवात ते लहान घासानं करायचे. अकराचा वर्ग करा बघू: १२१. एकशे अकराचा: १२३२१. चार एकांचा: १२३४३२१. आकडे जिना चढायचे आणि पलीकडून उतरायचे, आणि मुलं तोंडाचा आ करून फळ्याकडे बघत राहायची. मग सर खरा प्रश्न टाकत. नुसत्या एकांनी बनलेल्या संख्यांमध्ये मूळसंख्या कोणत्या? मूळसंख्या म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून जिला कुणीच पुरता भाग देऊ शकत नाही अशी. दोन एकांची झाली अकरा, ती मूळ. तीन एक म्हणजे ३ गुणिले ३७, फुटली. पाच एक म्हणजे ४१ गुणिले २७१, फुटली. सात एक म्हणजे २३९ गुणिले ४६४९, तीही फुटली. चार, सहा, आठ, नऊ, दहा एकांच्या तर ११ नं नाहीतर १११ नं सहज फुटतात. मग येणार अकरा एक. इथं सरांचा आवाज खाली यायचा. "आणि ही," ते म्हणायचे, "ही फुटत नाही."

हे ते हवेत बोलत नव्हते. एवढ्या मोठ्या संख्येला कुणीच भागत नाही हे ठरवायचं, तर एक लाख पाच हजारांपर्यंतच्या मूळसंख्यांनी तिला भागून बघायला हवं. त्या निघतात दहा हजारांच्या घरात. पण सरांना एका जुन्या पुस्तकात किल्ली सापडली होती. हिला भागणारी मूळसंख्या असलीच, तर तिला बावीसनं भागल्यावर बाकी एकच उरली पाहिजे. ज्यांची बाकी एक येत नाही, त्या सगळ्या बाद. तरीही हजारेक राहिल्याच. त्यांची यादी करण्यातच सरांचं एक वर्ष गेलं. आणि मग रोज एक भागाकार. शाळा सुटली, वर्ग झाडून झाला, की सर दहावीच्या वर्गात मागच्या बाकावर बसायचे आणि परीक्षेच्या पाठकोऱ्या कागदांवर एक भागाकार करायचे. लवकर जमला तरी दुसरा नाही. "रोज एकच भाकरी खावी, म्हणजे गोडी राहते," असं त्यांचं म्हणणं. चार वर्षं हे चाललं. सगळे भागाकार नंतर वह्यांमध्ये उतरवले आणि प्रत्येकाशेजारी नवाचा ताळा मांडला. ताळा म्हणजे आकड्यांची बेरीज करत करत एका आकड्यावर आणायची आणि दोन्हीकडे तोच आकडा येतो का ते बघायचं. सगळे ताळे जमले होते आणि बाकी कुठंही शून्य नव्हती.

सरांच्या निवृत्तीचं वर्ष आलं. आमच्या शाळेत निवृत्त होणाऱ्याला शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ द्यायची पद्धत. हेडमास्तरांनी विचारलं तर सर म्हणाले, "घड्याळ नको. मला भिंत द्या."

"भिंत?"

"दहावीच्या वर्गातली, फळ्याच्या वरची. तिथं पेंटरकडून एवढंच लिहून घ्या: अकरा एक, ही मूळसंख्या आहे. शेवटपर्यंत दुसरं काही मागणार नाही."

आता भिंत काय, ती शाळेचीच होती, घड्याळापेक्षा स्वस्त. हेडमास्तर खूश झाले. इतके खूश, की पुण्याच्या कॉलेजातल्या एका गणिताच्या प्राध्यापकांना त्यांनी पाहुणे म्हणून बोलावून टाकलं. शनिवारी समारंभ. सर त्या संख्येवर बोलणार, प्राध्यापक ऐकणार, मग भिंत उघडायची. वह्या पाहुण्यांना दाखवायच्या म्हणून स्वच्छ अक्षरात उतरवून काढायचं काम माझ्याकडे आलं. "बाई, तुमचं अक्षर मोत्यासारखं आहे," सर म्हणाले. कौतुकानं मी फुलून गेले. महिनाभर रात्री बसून उतरवत राहिले आणि समारंभाच्या आधीच्या शनिवारी सरांच्या पाच वह्या, माझी प्रत अन् यादी पिशवीत घालून एसटीनं दौंडला घरी आले.

आमचं घर म्हणजे रेल्वेची क्वार्टर, दोन खोल्या आणि पुढं पडवी. आप्पा, म्हणजे माझे वडील, दौंडच्या यार्डात नंबर टेकर होते. मालगाडी आली, की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायचं आणि प्रत्येक डब्याच्या अंगावरचा नंबर कागदावर उतरवायचा. कुठला डबा कुठल्या गाडीला लावायचा ते त्या कागदावरून ठरायचं. ऊन असो, थंडी असो, इंजिनाचा धूर असो, आप्पा चालत असायचे. ते सातवी फायनल झालेले. त्या काळी तेवढ्यावर मास्तर होता यायचं आणि त्यांचा अर्जही एकदा गेला होता. जागा मिळाली नाही, रेल्वेची मिळाली. याबद्दल ते कधी बोलायचे नाहीत. हे मला आईनं सांगितलेलं.

रविवारी दुपारी मी पडवीत वह्या पसरून बसले होते. आई जोंधळे निवडत होती. आप्पा ड्युटीवरून आले, हातपाय धुतले, बशीत चहा ओतला आणि माझ्याकडं बघत बसले.

"काय करतीस?"

"उतरवून झालंय, आप्पा. आता नवाचा ताळा बघतेय. आकडे नीट आलेत का म्हणून."

आप्पांनी बशी खाली ठेवली. "नवाचा ताळा व्हय? आमच्या यार्डात त्यो कवाच मोडीत निघाला."

"म्हणजे?"

"मी नवा व्हतो तवाची गोष्ट. मीबी असाच ताळा बघायचो. एकदा एका डब्याचा नंबर लिवताना दोन आकडं हिकडचं तिकडं झालं. बेरीज केली तर बरुबर! आकडं तेच, नुस्त्या जागा बदलल्या, मग बेरीज कशी बदलंल? मिठाचा डबा गेला मनमाडला आन् त्याच्या जागी व्यापाऱ्यांच्या दारात हाडाच्या खताचा डबा येऊन हुबा. तीन दिवस दौंड नाक धरून हिंडलं."

आई जोंधळ्यांतून मान वर न करता म्हणाली, "आन् ह्यांच्या कपड्यांना आठ दिस वास."

"माणूस आकडा चुकत न्हाई, पोरी," आप्पा म्हणाले. "माणूस शेजाऱ्यांची अदलाबदल करतो. डोळा पुढनं वाचतो ना, त्याला वाटतं आपल्याला ठावं हाय. म्हून आमी उलटी हजेरी घेतो. एकानं कागदावरनं शेवटच्या आकड्यापासनं मागं वाचायचं, दुसऱ्यानं डब्यावर बघायचं. उलटं वाचताना डोळ्याला झोप लागत न्हाई."

दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, तसले हे आप्पा. मी म्हटलं, बरं, घेऊ या तुमची हजेरी. मनात म्हटलं, तेवढंच त्यांनाही बरं वाटेल. आप्पांनी चष्मा लावला, सरांची मूळ यादी मांडीवर घेतली आणि खणखणीत आवाजात एकेक संख्या शेवटच्या आकड्यापासून वाचायला सुरुवात केली. मी वहीतल्या भागाकारांवर बोट ठेवून बघत होते. शंभर झाले, दोनशे झाले. आईनं जोंधळे निवडून गिरणीत दळायला धाडले. दोनशेचाळीसच्या आसपास कुठंतरी आप्पा म्हणाले, "नऊ. चार."

माझं बोट थांबलं. वहीत नऊच्या मागं सहा होता.

"थांबा, आप्पा. पुन्हा."

"नऊ. चार. सहा. एक. दोन."

यादीत होतं २१६४९. माझ्या प्रतीत आणि सरांच्या वहीतही भागाकार होता २१४६९ नं. सहा आणि चारनं जागा बदलल्या होत्या. मला वाटलं यादीच चुकली असेल. बावीसनं भागून पाहिलं. यादीतल्या संख्येची बाकी आली एक, बरोबर. वहीतलीची आली एकोणीस. म्हणजे सरांनी एका संध्याकाळी भलत्याच आकड्यानं भागलं होतं. भागाकार बिनचूक, ताळा बिनचूक, फक्त भागायचं होतं एकीनं आणि भागलं होतं दुसरीनं.

मी खऱ्या संख्येनं भागायला लागले. पाच. एक. तीन. दोन. तीन. शेवटी नऊ ठेवला आणि खाली वजाबाकी केली तर काहीच उरलं नाही. शून्य.

"पुन्हा कर," आप्पा म्हणाले.

पुन्हा केलं. तिसऱ्यांदा उलट गुणाकार केला: २१६४९ गुणिले ५१३२३९. हातच्या काकणाला आरसा कशाला! अकरा एक ओळीनं येऊन उभे राहिले. सरांची संख्या फुटली होती. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"शून्यच आलंय ना?" आई म्हणाली. "मग रडतीस कशापायी? जास्ती आलं असतं तर गोष्ट येगळी."

तिला काय सांगू? पाच वर्षं या माणसानं एका भिंतीसाठी काढली होती. आयुष्यभराच्या नोकरीत मागून मागून एवढंच मागितलं होतं. आणि येत्या शनिवारी पुण्याच्या पाहुण्यासमोर, सगळ्या शाळेसमोर सर उभे राहून जे बोलणार होते ते खोटं होतं. आणि तेच ऑइलपेंटनं भिंतीवर चढणार होतं.

"मी नाही सांगणार," मी म्हटलं. "ते मोडून पडतील."

आप्पांनी मांडीवरची यादी उचलून माझ्या पिशवीत घातली. "डबा चुकीच्या गाडीला लागलाय हे आपल्याला दिसलं," ते म्हणाले, "आन् आपण गप बसलो, तर गाडी काय आपसूक वळती व्हय? जितकी लांब जाईल तितका डबा लांब. उद्या पहिल्या एसटीनं जा."

गेले. भीमेचा पूल, न्हावरा, शिरूर. वाटेत मनात वाक्यं जुळवत होते. सर, एक छोटीशी गोष्ट. सर, रागावू नका. शाळेत पोचते तर दहावीच्या वर्गात शिडीवर पेंटर! हा पेंटर एरवी ट्रकच्या मागं गुलाबाची फुलं काढायचा. त्याला शुक्रवारी यायला सांगितलं होतं आणि तो उत्साहानं सोमवारीच आला होता. भिंतीवर हातभर उंचीचे अकरा एक झाले होते आणि पुढं "ही मू" इतकं लिहून झालं होतं.

"खाली उतरा!" मी ओरडले.

"बाई, ळ तरी पुरा करू द्या."

"आधी उतरा म्हणते ना!" मी शिडीला हात घातला. पेंटर डबा सांभाळत इतक्या घाईनं उतरला, की निळ्या रंगाचा एक ओघळ त्याच्या धोतरावर आला. गलका ऐकून हेडमास्तर आले. "बाई, काय प्रकार आहे हा?"

खरं सांगितलं तर सरांची अब्रू चव्हाट्यावर. म्हणून मी दिलं ठोकून, "ओळ वाकडी जातेय."

"माझी वळ वाकडी?" पेंटर इतका दुखावला की ब्रश खाली टाकून चालायलाच लागला. "वीस वर्सं बोर्ड रंगवतोय! दोरी लावून बघा!" त्याची समजूत घालायला हेडमास्तर मागं धावले.

सर आले तेव्हा मी त्यांना नळाजवळच्या लिंबाखाली नेलं. जुळवलेलं एकही वाक्य आठवेना. नुसता कागद हातात दिला. त्यांनी गुणाकार पाहिला, ओठ हलवत पुन्हा केला. मग कोटाच्या खिशातून खडू काढून नळाच्या पायरीवर केला. माझ्या जन्मात मी कुणाचा चेहरा इतका हळूहळू बदलताना पाहिला नाही.

"वह्या तुम्हाला उतरवायला दिल्या होत्या, बाई," ते म्हणाले. "तपासायला नव्हे."

"सर, मी..."

"कुणी शोधलं हे?"

"मी आणि आप्पांनी. माझ्या वडिलांनी. दौंडला यार्डात नंबर टेकर आहेत ते."

"नंबर टेकर!" सर म्हणाले.

एवढंच म्हणाले, पण ज्या सुरात म्हणाले त्यानं माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "हो, नंबर टेकर!" मी म्हटलं. "सातवी शिकलेत. पण त्यांचा डबा चुकीच्या गाडीला लागत नाही!"

सरांनी कागदाची घडी केली, खिशात टाकली आणि निघून गेले. मी तिथंच उभी. तोंडातून गेलेला शब्द आणि धनुष्यातून सुटलेला बाण. जिभेला काही हाड? स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

पुढचे दिवस शाळेत मोठी गंमत चालली होती, माझ्याशिवाय सगळ्यांची. भिंतीवर "१११११११११११ ही मू" असं झळकत होतं आणि पेंटर रुसून घरी बसला होता. मुलं एकमेकांना भेटली की म्हणायची, "काय रे, ही मू?" दुसरा म्हणायचा, "मू, मू!" पाचवीतल्या एकानं तर मलाच विचारलं, "बाई, मू म्हणजे मोठं गणित असतं का?" मंगळवारी सरांनी माझ्याकडं पाहिलं नाही. बुधवारी ते शाळेत आलेच नाहीत. हेडमास्तर म्हणाले, इतक्या वर्षांत सरांनी न सांगता कधी रजा घेतली नव्हती. मी डबा उघडला आणि तसाच बंद केला.

गुरुवारी सर आले. पेंटरही आला. सरांनीच घरी जाऊन त्याचा रुसवा काढला म्हणे. दोघांनी दहावीचा वर्ग आतून लावून घेतला आणि बाहेर आले तेव्हा भिंतीवर पांढरी चादर टांगलेली होती. आत काय लिहिलंय ते पेंटर सांगेना. मला बघून तो मिशीत हसला मात्र. "आता बघा वळ," म्हणाला. माझा जीव टांगणीला लागला. अट्टल हट्टी माणूस, मनात आलं, तरीही मूळसंख्याच लिहिली असली तर?

शनिवारी दहावीच्या वर्गात बाकं काढून सतरंज्या घातल्या. मावले ते आत, बाकीचे खिडक्यांना लटकलेले. पाहुणे प्राध्यापक खुर्चीत. आणि शेवटच्या ओळीत, भिंतीला टेकून, इस्त्री केलेला खाकी कोट घालून आप्पा बसलेले!

"तुम्ही इथं कसे?" मी त्यांच्याजवळ जाऊन कुजबुजले.

"सर आलते ना बुधवारी," आप्पा म्हणाले. "यार्डात. मला हुडकत हुडकत आले. दोन मालगाड्या माझ्यासंगं चालले, उन्हाचं. मी वाचायचो, त्ये लिवायचे. मग उलटी हजेरी घेतली." आप्पांनी आवाज आणखी खाली आणला. "तीन डबं चुकले सर. पर कुनाला सांगू नगस."

सर बोलायला उभे राहिले. त्यांनी एकापासून सुरुवात केली, जिना चढवला, उतरवला, दोन एक, तीन एक, पाच, सात. मग अकराशी थांबले. "पाच वर्षं मी म्हणत आलो, की ही फुटत नाही," ते म्हणाले. "मी एक हजार दारं ठोठावली. पण एका दाराशी गल्ली चुकलो, शेजारच्याच घराची कडी वाजवली आणि म्हटलं, आत कुणी नाही." सगळे हसले. "अहो, अकरा एकांच्या नादाला लागलेला माणूस मी. नवाऐवजी अकराचा ताळा घेतला असता तरी शेजारच्या आकड्यांची अदलाबदल तिथल्या तिथं पकडली गेली असती. काखेत कळसा आणि गावाला वळसा!"

प्राध्यापक चांगले होते. ते हळूच म्हणाले, "सर, या संख्येचे अवयव पुस्तकांत फार पूर्वीपासून दिलेले आहेत. तेच, २१६४९ आणि ५१३२३९."

मला घाम फुटला. म्हणजे सर मूळसंख्या म्हणून उभे राहिले असते तर आज, इथं, सगळ्यांसमोर... पण सरांचा चेहरा उजळला. "हो का? चला," ते म्हणाले, "म्हणजे पुस्तकाचंही बरोबर आहे." आता प्राध्यापकसुद्धा रुमाल तोंडाला लावून हसायला लागले.

मग सर गंभीर झाले. "ही चूक आमच्या बाईंनी आणि त्यांच्या वडिलांनी शोधली. ते रेल्वेत आहेत. सोमवारी मी तो हुद्दा असा उच्चारला, की मला स्वतःची लाज वाटावी. बुधवारी त्यांच्याबरोबर चाललो तेव्हा कळलं नंबर घेणं म्हणजे काय. आता भिंत. पेंटरनं लिहिलंय, मी तपासलंय. पण मी तपासलेल्याचा भरवसा काय? आप्पा, पुढं या. हजेरी घ्या."

आप्पा जागचे हलेनात. मी त्यांच्या पाठीला हात लावून उठवलं. मुलांमधून वाट काढत ते पुढं गेले. फळ्यापुढच्या चौथऱ्यावर चढण्याआधी त्यांनी वहाणा काढून बाजूला ठेवल्या. सरांनी चादर ओढली आणि आपली छडी त्यांच्या हातात दिली. भिंतीवर निळ्या रंगात होतं:

१११११११११११ = २१६४९ × ५१३२३९

"ही मू" खरवडून त्या जागी चुना फासला होता. ओळ दोरी लावल्यासारखी सरळ होती.

आप्पांनी चष्मा नीट केला. छडी शेवटच्या आकड्यावर ठेवली. मग यार्डातला आवाज आला. "नऊ!" मुलांना कुणी सांगितलं नव्हतं, पण ती मागून म्हणाली, "नऊ!" "तीन!" "तीन!" "दोन. तीन. एक. पाच." सर यादी हातात धरून प्रत्येक आकड्याला मान डोलवत होते. "नऊ. चार. सहा." इथं सरांनी डोळे मिटले. "एक. दोन." खिडकीतली मुलंही आता ओरडत होती. मग आप्पा पहिल्या संख्येकडं वळले आणि तीही शेवटून वाचायला लागले. "एक! एक! एक!"

पुढच्या ओळीतला एक चुणचुणीत मुलगा म्हणाला, "अहो आजोबा, ती उलटी वाचा की सुलटी, एकच की!"

आप्पांनी छडी खाली घेतली नाही. "मोजावं लागतं, बाळ," ते म्हणाले. "एखादा कमी पडला तर?" आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. अकरावा एक झाला तेव्हा टाळ्यांनी पत्रे हादरले. सर पुढं आले, मला हाक मारली, आणि तोवर मला "बाई, तुम्ही" म्हणणारा तो माणूस म्हणाला, "पोरी, सोमवारपासून या वर्गात तू उभी राहायचंस. मी हेडमास्तरांशी बोललोय." मी रडले. तापट माणसं रडायलाही पटकन लागतात.

पाच वर्षांपूर्वी मी निवृत्त झाले तोवर तो वर्ग माझ्याकडं होता. दरवर्षी चुना मारणाऱ्याला मी स्वतः शिडीखाली उभी राहून ती ओळ वाचवायला लावायचे. सरांसाठीचं घड्याळ शाळेनं आधीच आणून ठेवलं होतं, तेही सरांनी नेलंच, ती गोष्ट वेगळी.

त्या दिवशी संध्याकाळच्या एसटीनं आप्पा आणि मी दौंडला निघालो. न्हावऱ्यापर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. मांडीवर सरांनी दिलेला नारळ, नारळावर दोन्ही हात. मला वाटलं थकलेत. न्हावऱ्याला मांडवगणची माणसं बोचकी घेऊन चढली, गाडी भरली, आणि त्या गर्दीत आप्पांनी माझ्या कानाशी वाकून विचारलं, "पोरी, वर्ग लई मोठा हाय गं तुझ्या सरांचा. माझा आवाज मागच्या ओळीपत्तुर गेला का?"

"गेला, आप्पा," मी म्हटलं.